आधी बसा, मग दिसेल, मग सुचेल: मोठेपणी चित्र सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या माझ्या सकाळच्या वर्गाला येणारी माणसं पस्तिशीच्या पुढची आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी शाहूपुरीत दुकान चालवणारे, कुणी मुलं शिकायला पुण्याला गेल्यामुळे दुपार मोकळी झालेल्या वहिनी. पहिल्या दिवशी बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "मॅडम, शाळेत लई चांगली काढत होतो चित्रं. आता हात वळंना झालाय." आणि त्याला जोडून दुसरं, "वही घेऊन बसलं तरी काय काढावं ते सुचतच नाही."

मी शाळेत चित्रकला शिकवली. आता मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत मोठ्यांना शिकवते. इतक्यांचे हात जवळून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. माणसं उलट्या टोकानं सुरुवात करतात. आधी काहीतरी भारी सुचावं, मग ते मनासारखं उतरावं, आणि उतरायला लागलं की रोज बसू, असा त्यांचा बेत असतो. मनाचं काम याच्या अगदी विरुद्ध चालतं. आधी बसण्याची सवय लागते, बसून बसून नजर तयार होते, आणि नजर तयार झाली की सुचायला लागतं. म्हणून हे त्याच क्रमानं लिहितेय. लिहिलंय चित्राबद्दल, पण गाणं, भरतकाम, कविता, ज्याला जे करायचंय त्यानं ते यात घालून वाचावं.

बसण्याची सवय

कोल्हापुरात सवय समजावून सांगायला मला तालमीपलीकडे जावं लागत नाही. गंगावेश असो, मोतीबाग असो, पहाटे आलेल्या पोराला वस्ताद "आज मूड आहे का" असं विचारत नाहीत. लंगोट चढवला की हौद्यात उतरायचं. जाऊ का नको हा विचार त्या पोराच्या मनात रोज नव्यानं येत नाही, म्हणून त्याची ताकद त्या विचारात जात नाही. वहीचंही असंच व्हायला हवं.

हे होतं कसं, ते थोडं मेंदूत शिरून बघू. एखादं काम नवं असतं तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलावर मन पहारा देत असतं, म्हणून दमायला होतं. तेच काम त्याच ठिकाणी, त्याच क्रमानं होत राहिलं की मेंदूच्या खोल भागात असलेला बेसल गँग्लिया नावाचा भाग ते स्वतःकडे घेतो. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात अ‍ॅन ग्रेबिएल यांनी वाट शोधत पळणाऱ्या उंदरांच्या याच भागातल्या पेशींची नोंद घेतली. वाट नवी होती तोवर उंदीर पळत असताना सगळा वेळ पेशी चालू असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या जोरात चालू व्हायच्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधली सगळी धाव एकसंध होऊन गेली होती.

हे वाचल्यापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. सुरुवात आणि शेवट कधी बदलायचा नाही. सुरुवात म्हणजे कटरनं पेन्सिलीला टोक काढणं. शेवट म्हणजे पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालणं. मधलं चित्र पाच मिनिटांचं असो की तासाभराचं, बरं येवो की वाईट येवो, ही दोन कामं व्हायलाच पाहिजेत. काही आठवड्यांनी टोक काढता काढताच हात कागदाकडे वळायला लागतो. तारीख घातली की ते पान मनातून सुटतं आणि "अजून जरा बरं करू" ही कुरतड थांबते.

सामान थोडं ठेवा. ए५ आकाराची साधी कोरी वही, एक ४बी (मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल, कटर. खोडरबर पहिले दोन-तीन महिने घरात दिसता कामा नये. महागाची वही घेऊ नका. तिचं पहिलं पान खराब होईल या भीतीनं ती कोरीच राहते, हे मी कितीदा तरी बघितलंय. आणि वही कपाटात ठेवायची नाही. तुम्ही जिथं रोज बसताच, तिथं ती उघडी पडलेली असली पाहिजे. डोळ्यांना जे दिसतं तेच हातून होतं.

आता वेळ. "रोज सकाळी सहाला" असं घड्याळावर ठरवलेलं माझ्याकडे फार कमी जणांचं टिकलं. आधीच रोज होत असलेल्या एखाद्या कामाला चित्र बांधा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये यावरचं संशोधन एकत्र मांडलं होतं. नुसतं "मी हे करीन" म्हणणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं नेमकं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम जास्त वेळा पार पडतं. माझ्याकडच्या एका वहिनींनी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत काढायचं ठरवलं, समोर जे भांडं दिसेल ते. बँकेतले काका रोज गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जातात. त्यांनी ठरवलं, ग्लास रिकामा झाला की एक म्हैस काढायची. म्हैस हा नवशिक्याला फार चांगला विषय आहे. उभी राहते, घाई करत नाही, आणि मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारी तिची एकच मोठी रेघ हाताला धीर शिकवते. काकांच्या पहिल्या म्हशी पेटीसारख्या चौकोनी होत्या. पुढं पुढं त्या उभ्या राहिल्या, मग त्यांना वजन आलं, आणि आता त्यातली रोजच्या गिऱ्हाइकांच्या ओळखीची म्हैस कुठली ते सांगता येतं.

किती दिवसांत सवय लागते, हे सगळेच विचारतात. २१ दिवसांचं जे ऐकू येतं त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजचं एक छोटं काम ठरवायला सांगून त्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. काम आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा आला ६६ दिवस. पण माणसामाणसांतला फरक १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे शेजारणीची सवय महिन्यात लागली आणि तुमची सहा महिन्यांत, तर दोघीही अगदी बरोबर चालला आहात. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. लग्न, आजारपण, पाहुणे, घरात गणपती, दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढू नका. एकच काढा, तारीख घाला, पुढं चला.

"पण मॅडम, काही फरकच पडंना," असं दीड-दोन महिन्यांनी एक जण तरी म्हणतो. तेव्हा मी हेन्री मोलेसन या माणसाची गोष्ट सांगते. १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अपस्मारासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची शक्तीच गेली. कॅनडातल्या संशोधक ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर चांदणी छापलेली, ती थेट बघायची नाही, आरशात बघून तिच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, हात भलतीकडेच जातो. मोलेसननं हे तीन दिवस केलं. प्रत्येक वेळी त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतोय. आणि तरीही त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, चुका कमी होत गेल्या. मन काहीच आठवत नसताना हात शिकत होता. तुमचाही शिकतोय. "मला काही येत नाही" ही तुमच्या मनाची तक्रार आहे. हाताचं त्याबद्दल काय म्हणणं आहे, ते वहीची मागची पानं उलटून बघा.

मुलांच्या आई-वडिलांसाठी, जरा थांबून

मोठ्यांसाठी लिहितेय खरं, पण हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्यांना आपणहून रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडतं, अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात तेच पेन पुन्हा नुसते ठेवले, कुणी काही बोललं नाही. आधी बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी पेनांशी घालवलेला वेळ बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

याचा अर्थ मला असा लागतो: मूल स्वतःच्या आनंदानं एखादी गोष्ट करत असताना आपण त्यावर किंमत लावली, की त्याच्या मनात ते काम त्या किमतीसाठीचं होऊन बसतं. "चित्र पूर्ण कर, मग मोबाईल देते," हे वाक्य घराघरांत ऐकते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. मूल चित्र काढत होतंच की! एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलांना जरूर बसवा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा चांगला सराव होतो आणि दहावीला वाढीव गुणांचा लाभही मिळतो. पण त्या गुणांचं नाव रोज घेऊ नका. मुलाला विचारा, "या झाडाचं खोड तू निळं केलंस, तुला ते कधी निळं दिसलं?" एवढी चौकशी पुरे आहे. मुलाला कळतं की कुणीतरी नीट बघितलं.

मोठ्यांनीही यातून घेण्यासारखं आहे. पहिल्या वहीतलं काहीही स्टेटसला टाकू नका. अंगठे आणि फुलं यायला लागली की आपण नकळत अंगठे मिळवणारीच चित्रं काढायला लागतो, आणि मग कुकरचं झाकण, जुना झाडू, अर्धवट सोललेला लसूण हे सगळे खरे विषय मागं पडतात.

नजर घडवणं

"ज्याची त्याची आवड, ती काय शिकवता येते होय?" असं लोक ठामपणे म्हणतात. आवड शिकवता येत नाही हे मान्य. पण ती घडत असते, आणि आपण लक्ष दिलं नाही तरी घडतच असते.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये चिनी येत नसलेल्या लोकांना चिनी धाटणीची अक्षरं दाखवली. काही एक-दोनदाच, काही २५ वेळापर्यंत. मग विचारलं, यांचा अर्थ चांगला असेल की वाईट? जी अक्षरं जास्त वेळा डोळ्यांखालून गेली होती, त्यांचा अर्थ चांगलाच असणार असं लोकांनी सांगितलं. चित्रांच्या बाबतीतही हे दिसलंय. कॉर्नेल विद्यापीठात जेम्स कटिंग यांनी आपल्या वर्गात, शिकवायचा विषय वेगळाच असताना, फ्रेंच दृकप्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे क्षणाचा उजेड टिपणाऱ्या चित्रकारांची कमी प्रसिद्ध चित्रं काही न बोलता अधूनमधून पडद्यावर दाखवली. सत्राच्या शेवटी मुलांची पसंती त्या वारंवार दिसलेल्या चित्रांकडे झुकली होती.

आता घरातून निघून कामावर पोहोचेपर्यंत तुमच्या डोळ्यांखालून काय जातं ते आठवा. वाढदिवसाचे फ्लेक्स, सकाळच्या शुभेच्छांचे गुलाब, तकतकीत कॅलेंडरं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण रोज तेवढंच बघितलं तर मन त्यालाच सुंदर म्हणायला लागतं, आणि मग आपल्या चित्रातलं आभाळही तसंच भडक होतं.

यावर एक दिलासा आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग आहे. २०१३ मध्ये इंग्लंडमधला असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रकारची चित्रं वापरली होती. एक, टॉमस किंकेड या लोकप्रिय अमेरिकन चित्रकाराची गोड, उजळलेल्या घरांची. दुसरी, जॉन मिले या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश चित्रकाराची. विद्यार्थ्यांनी किंकेडची चित्रं जितकी जास्त वेळा बघितली तितकी ती त्यांना कमी आवडायला लागली. मिलेच्या चित्रांचं तसं झालं नाही. वारंवार बघितल्यानं ओळखीची माया वाढते हे खरं, पण पुरेसं बघितलं की मालही उघडा पडतो. म्हणून भरपूर बघा आणि तेच तेच बघा, असं मी सांगते.

कसं बघायचं ते सांगते. एक चित्र निवडायचं आणि महिनाभर तेच. मोबाईलवर नको, प्रत्यक्ष. त्यासाठी आपल्या गावाइतकं भाग्यवान गाव शोधून सापडणार नाही. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय आहे. पडद्यावरचे नायक चंद्रकांत यांनी आयुष्यभर निसर्गचित्रं काढली आणि घरासकट ती समाजाला देऊन टाकली. टाउन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचं काम आहे, आणि गावातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्तीही आहे. ती एक मूर्ती चारही बाजूंनी रेखाटायला महिना पुरत नाही. यातलं काहीच जमत नसेल तर अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती आहेत. दर्शन घेऊन झाल्यावर प्रदक्षिणेच्या वाटेवर थांबा आणि एकाच शिल्पाकडे बघा, वादक असो की नर्तकी. सकाळचा तिरका उजेड आणि दुपारचा डोक्यावरचा उजेड यात तीच मूर्ती दोन वेगळ्या बायका वाटते.

समोर दहा मिनिटं बघायचं. मग पाठ करायची आणि आठवेल तेवढं वहीत चार-सहा रेघांत उतरवायचं. मग वळून पुन्हा बघायचं. पहिल्यांदा वळाल तेव्हा धक्का बसेल, कारण दहा मिनिटं बघूनही मान कुठल्या बाजूला कलली आहे ते तुम्ही बघितलेलंच नसतं. दुसऱ्या वेळी डोळा नेमका तिथंच जातो. डोळ्याला प्रश्न पडल्याशिवाय तो बघत नाही, आणि प्रश्न पाडायचं काम ही चुकलेली रेघ करते.

कुठून कुठं जायचं याचाही एक अंदाज ठेवा. डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की फार सोप्या गोष्टीचा मनाला कंटाळा येतो आणि फार गुंतागुंतीच्या गोष्टीची धास्ती वाटते, गोडी असते ती मधल्या पट्टीत. आणि हा पट्टा प्रत्येकाचा, त्याच्या सरावाप्रमाणे, सरकत जातो. मांडऱ्यांच्या निसर्गचित्रांत रमलात की मग आबालाल रहिमान यांच्याकडे या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले, १९३१ मध्ये वारले. इथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. पाणी, झाडं, उजेड, इतक्याच गोष्टी. ते चित्र पहिल्या भेटीत हाताशी लागत नाही. कानाचंही तसंच आहे. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी इथं राहिले, त्यांची जयपूर-अत्रौली गायकी इथं वाढली. अनवट राग, पेचदार ताना. नव्या कानाला पहिल्यांदा काही पकडता येत नाही. एकच राग, एकाच कलाकाराचा, पंधरा दिवस ऐका. मग देवल क्लबमध्ये मैफल असेल तेव्हा जाऊन बसा. समेवर मान आपोआप हलेल.

सुचणं

सुचणं हुकमानं होत नाही. पण ते यायची वाट तयार करता येते.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं १९२६ मध्ये या वाटेचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरू देणं, लख्खकन उमगणं आणि तपासणं. माझ्या अनुभवात लोक पहिला आणि शेवटचा टप्पा गाळतात. तयारी न करता नुसतं मुरत ठेवतात. आत काही घातलंच नसेल तर मुरणार काय?

तयारीसाठी मी वर्गात चपलेचा सराव देते. दारात पडलेली कोल्हापुरी, जुनी असेल तर फारच उत्तम. पट्टा, वेणी, अंगठा, कान, टाचेची झीज. याच एका चपलेची वीस वेगळी चित्रं काढायची. पेन्सिल तीच, कागद तोच. सुरुवातीची सात-आठ सगळ्यांची सारखी येतात: वरून, बाजूनं, तिरकी. मग माणूस अडतो, वैतागतो, "संपलं मॅडम" म्हणतो. तिथंच थांबायचं नाही. एकाच प्रश्नाला खूप उत्तरं द्यायला लावली की उशिरा आलेली उत्तरं जास्त वेगळी असतात, हे मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलंय, कारण मन आधी हाताशी असलेलं, सगळ्यांकडे असलेलं काढून देतं. ते संपलं की मन दूरची कपाटं उघडतं. बाराव्या-तेराव्या चित्राला कुणी चप्पल न काढता फक्त तिची सावली काढतं. कुणी वेणीच्या पिळात शिरतं आणि ती दोरखंडाएवढी मोठी करतं. एकीनं नुसता टाचेचा खळगा काढला आणि खाली वडिलांचं नाव लिहिलं.

बंधन असल्यानं हे होतं. सगळे रंग आणि सगळे विषय समोर ठेवले की मन सर्वांत सोप्या वाटेनं जातं. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला आणि पूर्वीसारखा परत आला नाही. त्या उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी बांधली. बाबूराव पेंटरांचं उदाहरण तर आपल्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभाच्या रूपानं उभंच आहे. वडील कारागीर. नात्यातले भाऊ आनंदराव आणि बाबूराव दोघंही नाटकांचे पडदे रंगवण्यात नावाजलेले. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, तो सहज मिळणारा नव्हता, म्हणून घडवायलाच घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी घेऊन कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. नाटकाच्या पडद्यावर खोलपणा आणि उजेड दाखवणं त्यांच्या हातात आधीच होतं, लोखंड-लाकडाचं काम घरातलं होतं. नवी गोष्ट उभी राहिली ती या जुन्या, मुरलेल्या गोष्टी एकमेकींना भेटल्यामुळे. तुमच्याकडेही अशा गोष्टी आहेत. शिवणकाम येणाऱ्या बाईची रेघ वेगळी असते, हिशेब केलेल्या माणसाची मांडणी वेगळी असते. ते बाजूला ठेवून "चित्रकारासारखं" काढायला जाऊ नका.

मुरू देण्यासाठी चाला. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं की बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना वस्तूंचे नवनवे उपयोग जास्त सुचतात. कोऱ्या भिंतीसमोर चालण्याच्या यंत्रावर चाललं तरीसुद्धा. आपल्याकडे तर रंकाळा आहे. चित्रावर अडलात की ते तसंच अर्धवट ठेवा, मोबाईल घरी ठेवा आणि संध्यामठापासून शालिनी पॅलेसच्या बाजूला चालत सुटा. सोबत कुणाला घेऊ नका, घेतलं तर बोलू नका. चित्राचा विचारही मुद्दाम करू नका. खिशात कागदाचा कपटा आणि पेन्सिलीचा तुकडा एवढं मात्र असू द्या, कारण चालताना सुचलेलं घराचा जिना चढेपर्यंत उडतं.

तपासणं सोपं आहे. चित्र उलटं धरा किंवा आरशात बघा. तोल गेलेला असेल तर लगेच कळतो. आणि दाखवायचं तर एकाच माणसाला दाखवा, जो "वा वा" न म्हणता "हा हात इथं का संपला?" असं विचारेल. असा माणूस घरात बहुधा नसतो, वर्गात सापडतो.

दोन वह्या भरल्यावर

पहिली वही भरली की ती बाजूला ठेवून द्या, चाळू नका. दुसरी भरली की एखाद्या दुपारी दोन्ही घेऊन जमिनीवर बसा आणि पानं समोरासमोर उघडत जा. चांगलं-वाईट बघायचं नाही. मी काय पुन्हा पुन्हा काढलंय, एवढंच शोधायचं.

कुकरवाल्या वहिनींनी हे केलं तेव्हा त्यांना वाटत होतं की आपण भांडी काढतोय. वह्या उघडल्या तर पानोपानी हात होते. झाकण धरलेला हात, भाकरी थापणारा सासूबाईंचा हात, लसूण सोलणारी बोटं, पीठ लागलेलं मनगट. भांडी हळूहळू लहान होत कोपऱ्यात गेली होती. त्यांनी हे ठरवलं नव्हतं, आणि मीही सुचवलं नव्हतं. तिसऱ्या वहीत त्या आता फक्त हात काढतात. त्या वहीला मी एकच बंधन घालून दिलंय: एकाच माणसाचे हात, वेगवेगळ्या कामांत.

तुम्हाला जे सापडेल त्याला तिसरी वही देऊन टाका. ती मात्र जरा जाड कार्ट्रिज कागदाची घ्या, तयार मिळाली नाही तर बाइंडरकडून शिवून घ्या, म्हणजे पुढं पाण्याचे रंग लावता येतील. आणि आता खोडरबर आणायला हरकत नाही.